आत्तींचा पेपर: साक्षरतेची परीक्षा असते काय आणि तयारी करून घ्यायची कशी

दरवर्षी मार्च महिन्यात पेपरात एक फोटो हमखास येतो. झेडपी शाळेचा बाक, त्यावर पदर सावरून बसलेली आजी, हातात पेन, आणि खाली ओळ की सत्तरीतल्या आजीनं दिली परीक्षा. मग तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो, लोक हात जोडल्याचे इमोजी टाकतात आणि विषय तिथंच संपतो. परीक्षा कसली, पेपरात काय असतं, आजीची तयारी कुणी करून घेतली, हे कुणी विचारत नाही. मीपण कधी विचारलं नव्हतं. मग या परीक्षेला बसवायच्या लोकांच्या यादीत आमच्या आत्तींचं नाव आलं (आत्ती म्हणजे सासूबाई, आमच्या तासगाव भागात असंच म्हणतात) आणि शाळेतले सर घरी येऊन म्हणाले, वहिनी, शिकवायला लांबून कोण येणार, तुम्हीच स्वयंसेवक व्हा.

झाले. आत्ती आणि गल्लीतल्या अजून तीन जणी, असा माझा वर्ग. त्यात मी बऱ्याच चुका केल्या, काही गोष्टी जमल्या, आणि या परीक्षेबद्दल लोकांचे किती घोळ आहेत ते पण कळलं, म्हणून हे लिहितेय.

आधी हे सांगा, परीक्षा कसली?

केंद्र सरकारचा एक कार्यक्रम आहे, नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा. त्यालाच उल्लास म्हणतात. ज्यांचं वय १५ च्या पुढं आहे आणि शाळा कधी झालीच नाही किंवा इतकी कमी झाली की सगळं विसरलं, त्यांना लिहायला, वाचायला आणि साधा हिशोब करायला शिकवायचं. सरकारी भाषेत याला 'पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान' म्हणतात, हा शब्द एकदाच सांगते, परत वापरणार नाही. शिकवणारे स्वयंसेवक, म्हणजे पगार नाही, मानधन नाही, काही नाही. सून, नात, कॉलेजची पोरगी, रिटायर मास्तर, कुणीही.

शिकून झालं की परीक्षा. आपल्या राज्यात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली, साडेचार लाखांहून जास्त लोक बसले होते. त्यानंतर २३ मार्च २०२५ ला. दोन्ही रविवार. आमच्या आत्ती दुसऱ्या खेपेला बसल्या.

पेपर १५० मार्कांचा. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. पास व्हायला प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे १७ मार्क लागतात. नुसती बेरीज ५१ झाली म्हणून चालत नाही, तिन्हीकडं वेगवेगळे १७ पाहिजेत, आणि घोळ इथंच होतो, कारण आपल्याकडच्या बायका हिशोबात वाघिणी आणि लिहायला आलं की हात थरथरतो. थोडे कमी पडले तर तिन्ही भागांत मिळून जास्तीत जास्त ५ मार्क वाढवून देतात. तरी नाही झालं तर शेरा 'नापास' असा नसतो, 'सुधारणा आवश्यक' असा असतो, आणि पुढच्या खेपेला परत बसता येतं. हा शब्द ज्यानं निवडला त्याला माझा नमस्कार, कारण 'नापास' या एका शब्दाच्या भीतीनं आमच्या शेजारच्या काकी आधी नावच द्यायला तयार नव्हत्या.

वाचता येणं म्हणजे नक्की काय येणं?

आपल्याला वाचता येतं म्हणून आपण यावर कधी विचारच करत नाही. वाचताना डोक्यात दोन कामं चालतात. एक, कागदावरच्या खुणेवरून आवाज काढणं. दोन, त्या आवाजाचा अर्थ लावणं. पहिलीतल्या पोराला दोन्ही शिकायचं असतं, त्याला शब्दच कमी माहीत असतात. साठ वर्षांच्या बाईला दुसरं काम आधीच येतं, तिच्याकडं आयुष्यभराचे शब्द आहेत, म्हणी आहेत, ओव्या आहेत, भांडणातली तर अख्खी डिक्शनरी आहे. तिला अडतं फक्त पहिल्या कामात. म्हणून पहिलीचं पुस्तक तिच्यापुढं ठेवून 'कमळ बघ, छगन पळ' करणं म्हणजे भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ कशाला म्हणतात ते शिकवण्यासारखं आहे.

पण पहिलं काम हळू झालं की दुसरं बुडतं. हे कसं ते सांगते. गळक्या बादलीनं विहिरीतलं पाणी शेंदायचं म्हटलं तर हात भरभर चालवावा लागतो, रमतगमत दोर ओढला तर बादली वर येईपर्यंत रिकामी. आपली त्या-त्या वेळेपुरती आठवण अशीच गळकी असते, काही सेकंदांची. एकेक अक्षर लावत लावत माणूस वाक्याच्या शेवटाला पोचतो तोवर सुरुवातीचा शब्द गळून गेलेला असतो. आत्ती एकदा "पा... णी... गा... ळू... न... प्या" असं सगळं बरोबर वाचल्या आणि मी विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत, मी वाचत हुते की!"

यात त्यांची चूक काहीच नाही. म्हणून तयारीत तेच तेच सोपं परत परत वाचून घेणं फार महत्त्वाचं, कंटाळा येईपर्यंत. हात बसला की वेग येतो आणि वेग आला की अर्थ टिकतो. अवघड नवीन उतारे देऊन काही होत नाही.

मी अ आ इ ई पासून सुरू केलं आणि फसले

पहिले तीन आठवडे वाया घालवले हे कबूल करते. बाजारातून बाराखडीचा तक्ता आणला, भिंतीला लावला आणि रोज संध्याकाळी म्हणून घेतला. बायकांना तो पाठ झाला, अगदी आरतीसारखा एका चालीत. पण मधलंच 'ग' वर बोट ठेवलं की गप्प, मग मनात क-ख-ग म्हणत तिथंवर यायचं. म्हणजे पाठांतर झालेलं, ओळख नाही.

मग एका संध्याकाळी एक जण म्हणाली, मला बाकी नको, एसटीची पाटी वाचता आली तरी बास, दरवेळी पोरास्नी विचारावं लागतं. आणि माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी तक्ता काढला आणि वहीवर मोठ्ठं लिहिलं, तासगाव.

आता हा शब्द बघा. त, स, ग, व. चार अक्षरं आणि काना, बस. बायकांना शब्द आधीच माहिती, आवाज माहिती, फक्त कुठली खूण कुठल्या आवाजाची ते जोडायचं. आणि याच चार अक्षरांना उलटंसुलटं फिरवलं की तास, वास, ताव, गाव, सात, वात, तवा, गवत, सातवा, सतत. चार अक्षरांत एवढे शब्द! आणि मग एकीनं स्वतःच तीन अक्षरं शेजारी मांडून वाचलं, स-व-त. सवत! वर्ग अर्धा तास बंद पडला हसून हसून. पण सांगते, ती तीन अक्षरं परत कुणीच विसरलं नाही.

दुसरी पाटी विटा. त्यात ट आला आणि वेलांटी आली, म्हणजे ताट, वाट, वाटा, गट. गट म्हटल्यावर बचत गट आलाच, पासबुकावर ते दिसायला लागलं. तिसरी मिरज, चौथी सांगली. एवढ्या चार पाट्यांत नऊ अक्षरं, काना, दोन्ही वेलांट्या आणि अनुस्वार येऊन जातो, आणि माती, वाटी, जिरं, मिरी, गाजर, मटार, वांगी असलं अर्धं स्वयंपाकघर वाचता येतं. साताऱ्याकडं (माझं माहेर खटाव) कुणी शिकवत असेल तर वडूज, कराड, वाई, पाटण घ्या. गाव कुठलंही चालेल, शब्द तोंडातला पाहिजे एवढंच.

यालाच शिकवण्याच्या भाषेत काय म्हणतात ते सोडा. मुद्दा असा की शब्दातून अक्षराकडं जायचं, मग त्याच अक्षरातून नवा शब्द. तक्ता सगळ्यात शेवटी, उरलेली अक्षरं भरायला.

आपल्या लिपीच्या काही खोड्या

देवनागरी सोपी आहे, जसं बोलतो तसं लिहितो असं आपण छाती फुगवून सांगतो. ते बऱ्यापैकी खरंय. पण नवीन शिकणाऱ्याच्या बाजूनं बघा जरा.

विटा लिहिल्यावर आत्तींनी पहिला प्रश्न काय विचारला तर, "ही वेलांटी आदी काढायची आन् आवाज मागनं, ह्ये काय?" आणि खरंच की! 'वि' मध्ये कागदावर वेलांटी डावीकडं आधी दिसते पण तोंडातून आधी व निघतो. चाळीस वर्षं मी मराठी लिहितेय, माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी म्हटलं ही खूण म्हणजे नवरदेवाच्या पुढं चालणारी करवली, मान नवरदेवाचाच. चाललं.

मग जुळी अक्षरं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य. एका दिवशी दोन्ही शिकवली की आयुष्यभराचा गोंधळ. घ आज शिकवला तर ध पंधरा दिवसांनी. ख हा तर र आणि व शेजारी बसल्यासारखा दिसतो, त्यामुळं 'खत' चं 'रवत' होतं.

र म्हणजे बहुरूपी. बाकीची बहुतेक अक्षरं जोडाक्षरात फार तर अर्धी होतात, हा गडी वेषच बदलतो. ग्रामपंचायत मध्ये पायाशी तिरकी रेघ, अर्ज मध्ये डोक्यावर कोयता, ट्रॅक्टर मध्ये ट च्या खाली छत्री, शेतकऱ्यांना मध्ये अजून चौथंच सोंग. आणि गंमत म्हणजे गावातल्या बाईला ऑफिसात हेच चार शब्द सगळ्यात जास्त भेटतात. म्हणून मी जोडाक्षरांचा धडा म्हणून घेतलाच नाही, हे चार शब्द चित्रासारखे ओळखायला लावले.

एका ठिकाणी मात्र मोठ्या माणसांना फायदा आहे. आपल्याकडं च आणि ज चे दोन-दोन आवाज आहेत पण खूण एकच. 'चार' माणसं आणि जनावरांचा 'चारा', दोन्हीचा च वेगळा ऐकू येतो. 'जग' फिरायचं आणि माणूस 'जगतो', तिथंही तेच. परक्याला हे नियम सांगून सांगून दमायला होईल, आमच्या बायकांना सांगावंच लागलं नाही. वाक्यात म्हैस दिसली की चारा बरोबरच वाचतात.

डोळे, हात आणि बेदाणा

हा भाग शिकवणाऱ्या लोकांच्या डोक्यात येतच नाही, माझ्याही आला नव्हता. चौघींपैकी दोघींना अक्षर 'येत नव्हतं' कारण ते दिसतच नव्हतं. चाळिशी लागून वीस वर्षं झालेली, जवळचा चष्मा कधी केलाच नाही, कारण वाचायचंच नाही तर चष्मा कशाला, आणि सुईत दोरा नातवंडं ओवून देतात. चष्मा आल्यावर एका आठवड्यात फरक पडला. कुणाला शिकवायला घेणार असाल तर पुस्तकाआधी डोळे तपासून घ्या, हे मी ओरडून सांगेन.

मग हात. विळा, खुरपं, छाटणीची कात्री वर्षानुवर्षं धरलेला हात पेनाला पण तसाच मुठीत आवळतो. पाच मिनिटांत बोटं दुखतात आणि कागद फाटतो. आधी परातीत राख किंवा रांगोळी पसरून बोटानं गिरवून घेतलं, मग पाटी, मग वही. पेपरला पेनच लागतं, काळं किंवा निळं, पेन्सिल चालत नाही, त्यामुळं शेवटचा महिनाभर तरी पेनाचीच सवय पाहिजे.

आणि वेळ. मार्च म्हणजे आमच्याकडं द्राक्षाचा उतार आणि बेदाण्याची धांदल, बायका सकाळी आठला शेडवर जातात त्या दिवस मावळल्यावर परत. म्हणजे परीक्षेच्या ऐन तोंडावर अभ्यासाला जीवच उरत नाही. यावर उपाय एकच सापडला, तयारी ऑक्टोबर छाटणी उरकल्यापासून सुरू करायची आणि फेब्रुवारीनंतर फक्त रोज दहा मिनिटं उजळणी. ज्यांचं ऊसतोडीचं किंवा स्ट्रॉबेरीचं काम त्यांचं कॅलेंडर वेगळं, ते आपापलं बघावं.

हिशोबाचं मला शिकवावं लागलं नाही जवळजवळ. पंधरा किलोचा बेदाण्याचा बॉक्स, आठ बॉक्स किती? मी बोटं मोजायच्या आत १२० आलं. फक्त ते १२० कागदावर कसं दिसतं आणि गुणाकाराची फुली कुठली, बेरजेची कुठली, एवढंच. तरी घड्याळ आणि महिन्याचं कॅलेंडर यावर वेळ द्या, तिथं अडतात.

वाचायला आलं म्हणजे लिहायला येणारच की?

नाही येत. ओळखीचा माणूस बाजारात दिसला की लगेच ओळखतो आपण, पण त्याचं चित्र काढा म्हटलं तर? वाचणं म्हणजे ओळखणं, लिहिणं म्हणजे आठवून काढणं. म्हणून परीक्षेत दोन्हीचे ५०-५० वेगळे ठेवलेत ते बरोबरच आहे.

लेखनाच्या भागात काय अपेक्षा असते? स्वतःचं नाव-गाव, घरच्यांची नावं, चित्र बघून शब्द, शब्द वापरून साधं वाक्य, छोटा फॉर्म भरणं, अशा तऱ्हेचं. निबंध नाही, व्याकरण नाही. मी रोज एकच काम द्यायचे, आज दिवसात जे केलं त्यातलं एक वाक्य लिहा. सुरुवातीला 'जवारी दळली' एवढंच. दोन महिन्यांनी एकीनं लिहिलं, 'सुन मला बोलली पन मी गप बसले'. मी वाचलं आणि वही मिटून दिली, त्या घरचं त्या घरी.

"सही येते की, मग साक्षरच झाली ना?"

हे पुरुष मंडळींचं आवडतं वाक्य. सही म्हणजे एक चित्र आहे, रांगोळीतल्या कासवासारखं, पाठ केलेलं. त्यातलं एक अक्षर वेगळं काढून विचारा, सांगता येत नाही. आपल्या जनगणनेची व्याख्याही अशीच आहे, सात वर्षांच्या पुढच्या ज्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता दोन्ही येतं तो साक्षर. नुसती सही त्यात बसत नाही. त्या मापानं २०११ ला सातारा जिल्हा साधारण ८३ टक्के आणि सांगली साधारण ८१ टक्के होता. ऐकायला भारी वाटतं, पण उलटं मोजा, पाचातला जवळपास एक जण राहिलेला, आणि त्यात बायका जास्त. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा.

'कुठल्याही एका भाषेत' हे पण महत्त्वाचं आहे. आपल्या जत तालुक्यात घरात कन्नड बोलणारे कितीतरी आहेत, त्यांना मराठीतच पेपर द्या अशी सक्ती नाही, उर्दू, कन्नड अशा इतर भाषांतही परीक्षा देता येते. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि आत्याबाई उगीच परक्या भाषेशी झटत बसतात.

"पन आमी तर पानीच म्हंतो"

हा प्रश्न आत्तींचाच. पुस्तकात 'पाणी', तोंडात 'पानी'. पुस्तकात 'नाही', तोंडात 'न्हाई'. आता वाचताना फार अडत नाही, 'पाणी' बघून त्या 'पानी' वाचतात आणि अर्थ बरोबर लागतो. लिहिताना मात्र जे तोंडात तेच कागदावर उतरतं. काही शिकवणारे इथं लाल पेन घेऊन बसतात. मी नाही बसले. जी बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वाक्य लिहितेय तिला ण-न वरून अडवलं तर ती पुढचं वाक्य लिहीतच नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं, एक बाई दोन दिवस आली नाही माझ्या एका टोकण्यामुळं. आधी लिहू द्या. महिन्या-दीड महिन्यानं पुस्तकात हे असं लिहितात असं शेजारी लिहून दाखवा, चूक म्हणू नका. परीक्षा समजतंय का आणि समजेल असं लिहिता येतंय का हे बघायला आहे. ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर फेसबुकवरच्या पदवीधरांनी आधी सुरुवात करावी.

"५० पैकी १७? ही काय परीक्षा झाली?"

हा आक्षेप मला अर्धा पटतो. १७ मार्क मिळवलेली बाई दवाखान्याचा कागद वाचेलच असं नाही. पण मग दहावीला पण पासिंग ३५ लाच आहे आणि तिथं कुणी असं बोलत नाही. १७ मार्क म्हणजे दार उघडलं इतकंच समजावं. परीक्षा पास झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं सर्टिफिकेट मिळतं, ते फ्रेम करून भिंतीला लागतं आणि लागू दे.

मला खटकतं ते वेगळंच. टार्गेट असलं की माणसं आकड्यामागं लागतात, मग नमुना पेपरची उत्तरं चित्रासारखी पाठ करून घेणं, शेजारी बसून 'आजी इथं टिक करा' सांगणं, असले प्रकार होतात. सगळीकडं होतात असं म्हणत नाही, पण ऐकलेत. त्यात बाईचं नुकसान असं की कागदावर ती साक्षर झाली, आता तिच्याकडं परत कुणी येणार नाही शिकवायला. नमुना पेपर सोडवून घ्या जरूर, प्रश्न कसे असतात, गोल कुठं करायचा, रेघ कुठं जोडायची हे कळायलाच पाहिजे, कारण ज्यानं आयुष्यात पेपर बघितला नाही त्याला 'जोड्या लावा' म्हणजे काय हेच माहीत नसतं. पण चार-पाच पेपर पुष्कळ झाले.

"आता मोबाईलच बोलतो, वाचायचं कशाला?"

हे तरुण पोरं म्हणतात. व्हॉइस मेसेज आहे, व्हिडिओ कॉल आहे, बोलून सर्च करता येतं. सगळं खरं. पण मोबाईल बोलतो तो कुणीतरी त्याला विचारलं तर. द्राक्षबागेत औषधाच्या डब्यावर रंगाची खूण असते, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आमच्या बायका तो रंग ओळखतात, पण डब्यावर बारीक अक्षरात फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही ते लिहिलेलं असतं ते रंगात नाही. बँकेचा मेसेज आला तर तो पैसे आल्याचा की गेल्याचा, हे नातू शाळेतून येईपर्यंत कळत नाही. २०२४ ला लाडकी बहीणचे फॉर्म भरताना गावागावात काय रांगा होत्या ते आठवा, १५०० रुपयांसाठी स्वतःचं नाव कुणीतरी दुसऱ्यानं लिहायचं आणि आपण ते बरोबर लिहिलंय यावर विश्वास ठेवायचा. आमच्या गल्लीतल्या एकीच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, तिला ते तेव्हा दिसलं असतं तर चार खेटे वाचले असते.

शिकतील आणि विसरतील, त्याचं काय?

हा आक्षेप सगळ्यात खरा आणि जुना. प्रौढांना शिकवायचं हे आपल्या भागाला नवीन नाहीच मुळी. ग्रामशिक्षण मोहीम १९५९ ला सुरू झाली ती सातारा जिल्ह्यातच, आणि नंतर राज्यभर गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था त्याच्याही आधीची, १९१९ ला कराडजवळच्या काले गावात निघालेली. म्हणजे गावानं गाव शिकवायचं हे इथल्या मातीला माहीत आहे. पण अशा मोहिमांत शिकलेली कितीतरी माणसं नंतर परत अंगठ्यावर आली, कारण शिकल्यावर वाचायला घरात काहीच नव्हतं. अक्षर हे वाटेसारखं आहे, चाललं नाही की गवत वाढतं.

म्हणून परीक्षेनंतर काय वाचणार हे परीक्षेच्या आधीच ठरवावं लागतं. मी काही ग्रंथालय वगैरे काढलं नाही. किराणाची यादी आत्ती लिहितात, कशीही लिहू देत, दुकानदाराला कळते. गटाचं रजिस्टर आता दर महिन्याला वेगळी बाई मोठ्यानं वाचते. हरिपाठाचं मोठ्या टाईपातलं पुस्तक आणलं, ते त्यांना पाठच आहे, त्यामुळं डोळा आणि तोंड बरोबर चालतात आणि वाचायचा हुरूप येतो. हे जरा फसवं वाचन आहे हे मला कळतं, पण वेग वाढायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पेपरच्या दिवशी

परीक्षा नाव नोंदवलेल्या शाळेतच असते. सकाळी १० ते ५ मध्ये सोयीनं जायचं आणि बसल्यापासून तीन तास, म्हणजे जनावरांचं वैरणपाणी उरकून गेलं तरी चालतं. फोटो, आधार किंवा मतदान कार्ड किंवा पासबुक यातलं काहीतरी, पेन दोन, आणि चष्मा! एक जण चष्मा घरी विसरली, तिचा नातू सायकलवर पळाला आणायला.

तीन तास एका जागी बसायची सवय नसते, पाठ धरते, म्हणून आधी घरी एकदा तसं बसवून बघा. आम्ही आदल्या रविवारी ओसरीवर पूर्ण पेपर घेतला, पोरांना हाकलून, टीव्ही बंद करून. शेवटी फॉर्म होता. नाव, आत्तींनी लिहिलं. गाव, लिहिलं. वय, थोडं कमी लिहिलं. मग 'शिक्षण' असा रकाना आला आणि पेन थांबलं.

"हितं काय लिव्हू गं?"

मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. खूप वेळ गप्प बसल्या, ओठ हलत होते, अक्षरं जुळवत असणार. मग वाकून सावकाश लिहिलं आणि वही माझ्याकडं सरकवली.

शिक्षण : चालु.

उकार पहिला काढला होता, पाहिजे दुसरा. मी काही बोलले नाही.